ऑईल चेंबरचे आटे गेले तर: अडचणीच्या जागेत ड्रिल आणि टॅप कसं मारायचं

ड्रेन बोल्ट, म्हणजे इंजिनाचं ऑईल काढायचा बोल्ट, फिरतोय, फिरतोय, पण आवळला जात नाही. हाताला पोकळ लागतं. बाहेर काढून पाहिला की त्याच्या खाचांत चांदीसारखी चकचकीत तार गुंडाळलेली दिसते. ती तार म्हणजे चेंबरचे, इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्याचे, आटे. बोल्ट पोलादी आणि चेंबर अल्युमिनियमचा, त्यामुळे हार मऊ धातूचीच होते.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या माझ्या छोट्या गॅरेजात अशा गाड्या पावसाच्या आधी आणि नंतर जास्त येतात, कारण तेव्हा लोक सर्व्हिसिंग उरकून घेतात. बहुतेक ठिकाणी कारण एकच निघतं: मागच्या वेळी कुणीतरी बोल्ट एअर गनने (हवेच्या दाबावर चालणाऱ्या पान्याने) किंवा लांब दांड्याच्या पान्याने आवळलेला असतो. 14 मिलिमीटरच्या बोल्टला, ज्याचे आटे 1.5 मिलिमीटर अंतराने असतात, चेंबरमधल्या आट्याची उंची एका बाजूला जेमतेम 0.8 मिलिमीटर भरते. इंजिनाचं सगळं ऑईल त्या 0.8 मिलिमीटरच्या भरवशावर उभं असतं. कंपन्या या बोल्टला साधारण 30 ते 45 न्यूटन मीटर एवढाच ताण सांगतात. 15 सेंटिमीटरच्या पान्यावर 25 किलोचा जोर दिला की 37 न्यूटन मीटर झाले. तेच 45 सेंटिमीटरच्या टॉमीवर अंग टाकून 40 किलोचा जोर दिलात तर 175 च्या पुढे जाता. आटे त्याच क्षणी उपटले जात नाहीत. ते ताणले जातात आणि पुढच्या ऑईल बदलीला हातात येतात.

ज्यांना पाने-गोट्यांची ओळख आहे, स्वतः ऑईल बदलता येतं, पण धातूत आटे कधी पाडलेले नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पुस्तकात या भांड्याला ऑईल पॅन किंवा संप म्हणतात, गॅरेजमध्ये चेंबर म्हणतात. मी चेंबरच म्हणेन.

आधी हे काम टाळता येतं का ते बघा

ड्रिल हातात घेण्याआधी नवीन बोल्ट आणा. कधीकधी चेंबर शाबूत असतो आणि बोल्टचेच आटे गुळगुळीत झालेले असतात. नवा बोल्ट हाताने शेवटपर्यंत गेला आणि पान्याने नेहमीसारखा घट्ट झाला, तर विषय संपला.

नवा बोल्ट सुरुवातीलाच अडत असेल, पण आत आटे दिसत असतील, तर मूळ मापाचा टॅप, म्हणजे आटे कापणारा दातेरी दांडा, हलक्या हाताने फिरवून पाहा. मारुती, ह्युंदाई, होंडा यांच्या बऱ्याच गाड्यांत 14 × 1.5 असतो (14 मिलिमीटर व्यास, 1.5 मिलिमीटर अंतराचे आटे), टोयोटाच्या अनेक गाड्यांत 12 × 1.25. तरी ऐकीव मापावर टॅप घुसवू नका. जुन्या बोल्टवर व्हर्नियर (व्यासासाठी) आणि पिच गेज (आट्यांमधल्या अंतरासाठी) लावून खात्री करा.

मग चुंबक लावा. चेंबर पत्र्याचा असेल तर चुंबक चिकटेल. पत्र्याच्या चेंबरला आतून जाड नट वेल्ड केलेला असतो. तिथेही मोठे आटे पाडता येतात, पण पोलादात हाताने ड्रिल फिरत नाही आणि पत्रा तापला-वाकला की वेल्डच्या कडेने गळती लागते. नवशिक्याने पत्र्याचा चेंबर सरळ उतरवून घ्यावा किंवा बदलावा, असं माझं मत आहे. इथून पुढचं सगळं ओतीव अल्युमिनियमच्या चेंबरसाठी आहे.

बोल्टच्या भोवतीची जाड गोल जागा साफ पुसून तिथे तडा आहे का ते प्रकाशात पाहा. नखाला लागणारी बारीक रेघसुद्धा पुरे. तडा असेल तर आटे पाडू नका, चेंबर बदला. भोवतालची भिंतही मोजा. 16 मिलिमीटरचं भोक पडल्यावर चारी बाजूंनी निदान 4 मिलिमीटर धातू उरला पाहिजे.

बाजारात स्वतःच आटे कापत जाणारे जाडे बोल्ट मिळतात. पुढून टोकदार, मध्ये खाच. ते मी लावत नाही. असा बोल्ट जिथे कलेल तिथे कलतो आणि कापलेला सगळा कीस आत ढकलतो. टेफ्लॉन टेप, एम-सील, आट्यांवर सिलिकॉन हेही नको. सिलिकॉनचे सुटलेले तुकडे ऑईल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात.

हेलिकॉईल की मोठा बोल्ट

दोन प्रामाणिक मार्ग उरतात. पहिला हेलिकॉईल, म्हणजे नव्या आट्यांत स्टेनलेसच्या तारेची गुंडाळी बसवायची आणि जुन्याच मापाचा बोल्ट वापरायचा. दुसरा, 14 चा 16 करायचा.

हेलिकॉईलने धातू कमी कापला जातो असं पुष्कळांना वाटतं. 14 × 1.5 च्या हेलिकॉईलसाठी जो खास टॅप येतो, त्याचा बाहेरचा व्यास जवळपास 15.95 मिलिमीटर असतो. म्हणजे धातू तेवढाच जातो. फायदा इतकाच की मूळ बोल्ट कायम राहतो आणि पोलादी आटे वारंवार उघड-बंद करायला टिकाऊ ठरतात. तोटा असा की तार बसवल्यावर तिची आतली शेपटी तोडून बाहेर काढावी लागते, आणि डोकं वर करून, अर्धवट दिसत असताना ती चेंबरमध्ये पडली तर शोधणं अवघड. उघड्या टेबलावर काम असेल तर मी हेलिकॉईल बसवतो. गाडीखाली, हात जेमतेम जातोय अशा जागी, 16 × 1.5 चा बोल्ट.

16 मधून 1.5 वजा केले की 14.5. हा झाला ड्रिलचा आकार. जुन्या 14 च्या आट्यांचा तळ 14 मिलिमीटरवर असतो, म्हणजे 14.5 चं भोक जुने आटे पुरते पुसून टाकतं आणि नव्या आट्यांना कोरी भिंत मिळते. टोयोटाच्या 12 × 1.25 वर 14 × 1.5 घ्यायचा, ड्रिल 12.5 चं.

जागा मोजा, मग बाजारात जा

खालचं प्लास्टिक कव्हर काढा आणि बोल्टचं तोंड कुठे आहे ते पाहा. थेट जमिनीकडे असेल तर नशीब चांगलं: कीस आपोआप खाली पडतो आणि अडचण फक्त तुमच्या पाठीची. पण बऱ्याच गाड्यांत बोल्ट चेंबरच्या मागच्या किंवा बाजूच्या भिंतीला आडवा असतो, आणि त्याच्या समोर क्रॉसमेंबर (गाडीखालचा आडवा पोलादी बीम) नाहीतर सायलेन्सरचा पुढचा पाइप उभा. तिथे साधं ड्रिल मशीन शिरतच नाही.

एक लाकडी काडी घ्या, बोल्टच्या बैठकीपासून समोरच्या अडथळ्यापर्यंत धरा आणि तोडा. ती काडी खिशात ठेवा, सगळी खरेदी तिच्या मापाने होणार आहे. 16 × 1.5 चे हँड टॅप साधारण 70 ते 100 मिलिमीटर लांब मिळतात. काडी 85 मिलिमीटरची असेल तर 100 चा टॅप उपयोगाचा नाही, 70 चा आखूड टॅप मागा. काडी 70 पेक्षाही लहान भरली तर आग्रह सोडा आणि चेंबर उतरवा.

टॅप हाय स्पीड स्टीलचेच घ्या. टोटेम, अ‍ॅडिसन ही आपल्याकडची जुनी नावं आहेत. बारीक आट्यांच्या सेटमध्ये बहुधा दोन टॅप असतात, एक सुरुवातीचा निमुळता, दुसरा शेवटचा. दोन्ही घ्या. ठाण्यात न मिळाले तर मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटला एक चक्कर मारा. नवी मुंबईकरांना हार्बर लाइनने ते सोपंच पडतं.

आता या सगळ्या कामाचा गाभा.

बैठक

बोल्टचा वॉशर ज्या सपाट रिंगणावर टेकतो त्याला मी बैठक म्हणतो. कारखान्यात भोक आणि बैठक एकमेकांना काटकोनात मशीन केलेली असतात. गाडीखाली झोपल्यावर तुम्हाला जमीन दिसते, चेंबरचा उतार दिसतो, क्रॉसमेंबर दिसतो, आणि यातलं काहीही भोकाशी काटकोनात नसतं. डोळा फसतो. भरवसा ठेवण्याजोगी एकच गोष्ट तिथे आहे, ती म्हणजे बैठक.

आटे कलले तर काय होतं याचा हिशेब करा. 22 मिलिमीटर व्यासाचा वॉशर आहे. आटे फक्त 2 अंशांनी कलले, तर बोल्टचं डोकं एका कडेला टेकतं आणि समोरच्या कडेला पाऊण मिलिमीटरची फट राहते. तांब्याचा वॉशर एवढा दबत नाही. मग माणूस गळती थांबवायला आणखी आवळतो, आणि नवे आटेही उपटून निघतात.

हे मी तुर्भ्याच्या एका गॅरेजात उमेदवारी करताना शिकलो. एका गाडीला डोळ्याच्या अंदाजाने टॅप लावला, एका बाजूने पाना घालून फिरवला, आटे छान चकचकीत पडले. मला अभिमान वाटला. तिसऱ्या दिवशी गाडीमालक परत आला. त्याच्या पार्किंगमध्ये वाटीएवढा डाग पडला होता. चेंबर नवा घालावा लागला आणि ते पैसे त्या कुटुंबाला आधीच जड होते, हे मला ठाऊक होतं. उस्ताद ओरडले नाहीत. टॅप माझ्या हातात देऊन म्हणाले, "सरळ आहे का ते डोळ्याला विचारू नको रे, बैठकीला विचार."

बैठकीला विचारायचं म्हणजे काय? टर्नरकडून, म्हणजे लेथवर काम करणाऱ्या कारागिराकडून, दोन वस्तू करून घ्यायच्या.

एक, पोलादी बुश, म्हणजे जाड नळी: 25 मिलिमीटर लांब, आत 14.5 च्या ड्रिलला सरकता बसेल असं भोक, आणि एका टोकाला 35-40 मिलिमीटरची कॉलर (रुंद सपाट कडा). कॉलरचं तोंड आणि भोक एकाच सेटिंगमध्ये, वस्तू लेथवरून न काढता, मारायला सांगा, म्हणजे काटकोन चुकणार नाही. दोन, जाड नट: 20 मिलिमीटर जाडीचा, आत 16 × 1.5 चे आटे, तशीच कॉलर आणि तोंडही त्याच सेटिंगमध्ये मारलेलं. बुश ड्रिलला सरळ धरेल, नट टॅपला. तुमचा हात थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल.

काडी आखूड असेल तर 25 आणि 20 मिलिमीटरची ही जाडी कमी करावी लागते. 12 च्या खाली जाऊ नका, तेवढ्यात टॅप डुलायला लागतो.

ठाण्यात याची सोय चांगली आहे. एमआयडीसीची स्थापना 1962 सालची आणि वागळे इस्टेट ही तिच्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी. मोठे कारखाने गेले, काचेच्या इमारती आल्या, पण आतल्या गल्ल्यांमध्ये एका लेथवर संसार चालवणारे टर्नर अजून आहेत. नवी मुंबईत रबाळे, तुर्भे भागात तेच. त्यांच्याकडे जाताना जुना बोल्ट, काडी आणि नवा टॅप घेऊन जा. "काका, बैठकीला टेकवून टॅप सरळ न्यायचाय," एवढं म्हटलं तरी ते ओळखतात, आणि बरेचदा आपल्यापेक्षा चांगली युक्ती सुचवतात.

ड्रिलही त्यांच्याकडेच तयार करा. 14.5 चं ड्रिल घरगुती मशीनच्या 10 किंवा 13 मिलिमीटरच्या चकमध्ये (ड्रिल धरणाऱ्या पकडीत) मावत नाही, आणि आपल्याला मशीन लावायचंही नाही. ड्रिलची शेपटी कापून आखूड करायची आणि टोकाला पाना बसेल असा चौकोन घासून घ्यायचा. शिवाय धारेचा पुढचा तीक्ष्ण कोन दगडावर किंचित मारून घ्या. मोठ्या भोकात कोवळ्या धातूवर तीक्ष्ण ड्रिल स्क्रूसारखं स्वतःच आत ओढलं जातं. धार थोडी बोथट केली की ते खरवडत जातं, ओढत नाही.

गाडी उचलणं

जॅक उचलण्यासाठी, स्टँड झोपण्यासाठी. फक्त जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातही घालू नका.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतात, विशेषतः घोडबंदर रोडच्या नव्या संकुलांत. पावसात त्याखालची वाळू बसते आणि स्टँडचा एक पाय हळूच रुततो. स्टँडखाली 18 मिलिमीटरच्या प्लायवूडचे तुकडे घाला, किंवा सिमेंटची सपाट जागा शोधा. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड नव्हे, लाकडी ठोकळे लावा. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा. स्टँडवर टेकवल्यावर गाडी हाताने जोरात हलवून बघा. हलायची असेल तर ती तुम्ही बाहेर असताना हलू दे.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. उजेडासाठी चार्जिंगचा दिवा वापरा, ओल्या फरशीवर वायरचा नको. आणि चष्मा. आपण खालून वर बघत असतो, अल्युमिनियमचा कीस सरळ डोळ्यांत पडतो.

भोक मोठं करणं

ऑईल कोमट असताना काढा, म्हणजे गाळही बरोबर येतो. मग तासभर ठिबकू द्या. इंजिन आणि सायलेन्सर पुरते गार झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, रॉकेल किंवा तत्सम काही वापरणार असाल तर नक्कीच.

गाडी अशी टेकवा की भोक चेंबरचा सगळ्यात खालचा बिंदू राहील. ड्रिलच्या खाचा ग्रीसने भरा. ग्रीस कीस धरून ठेवतं. ड्रिलवर चेंबरच्या भिंतीच्या जाडीपेक्षा 3-4 मिलिमीटर पुढे टेपची खूण करा. आत बॅफलचा पत्रा (ऑईल हिंदकळू नये म्हणून बसवलेला) आणि पंपाची जाळी असू शकते, त्यापुढे जायचं नाही.

बुश ड्रिलवर चढवा, ड्रिलचं टोक जुन्या भोकात ठेवा आणि बुशची कॉलर बैठकीवर सपाट टेकवा. बैठक आधी साफ पुसलेली हवी, एक कण अडकला तरी कॉलर कलते. आता कॉलर जागेवर धरून ठेवायची. समोर क्रॉसमेंबर असेल तर तोच मदतीला येतो. मध्ये खाच पाडलेली एक फळी ड्रिलच्या दोन्ही अंगांनी कॉलरवर टेकवा आणि फळी व क्रॉसमेंबर यांच्यामध्ये दोन लाकडी पाचरी हलकेच ठोका. सायलेन्सरच्या पाइपावर किंवा सेन्सरवर जोर देऊ नका. बोल्ट खाली तोंड करून असेल तर पाचरीची गरज नाही, दुसऱ्या माणसाने कॉलर दाबून धरली तरी भागतं.

चौकोनावर बारा कोनांचा रिंग पाना घाला. बारा कोनांच्या रिंगमध्ये चौकोन बसतो, सहा कोनांच्यात बसत नाही. दर 30 अंशांवर नवी पकड मिळते, अरुंद जागेत याचा मोठा आधार आहे. ड्रिल घड्याळाच्या दिशेनेच फिरवा, हळू, मागून अंगठ्याने दाब देत. कापायचा धातू एका बाजूला पाव ते एक मिलिमीटर इतकाच आहे. प्रत्येक दोन-तीन फेऱ्यांनंतर ड्रिल बाहेर, खाचा पुसा, नवं ग्रीस, पुन्हा आत. अर्धा तास लागला तर लागू द्या. इथे मशीन लावून घाई केली की दोन धारांचं ड्रिल मोठ्या भोकात थडथडतं आणि भोक गोल न राहता तिकोनी होतं.

टॅप

भोक पुसा. निमुळत्या टॅपच्या खाचांत ग्रीस भरा, दातांवर थोडं रॉकेल किंवा पातळ मशीन ऑईल. अल्युमिनियम कोरड्या टॅपला चिकटतं आणि आटे फाटून निघतात.

जाड नट टॅपवर फिरवा, टॅपचं टोक नटाच्या तोंडातून 2-3 मिलिमीटर बाहेर येईल इतका. तोंड बैठकीवर टेकवा, मघासारखीच फळी आणि पाचरी लावा. आता टॅप फिरवला की नटाचे आटेच त्याला पुढे नेतात, प्रत्येक फेरीला बरोबर दीड मिलिमीटर, आणि सरळ. तुम्हाला दाबावं लागत नाही. मात्र नट बैठकीपासून उचलला जात नाही ना, हे पहिल्या तीन फेऱ्यांत नखाने चाचपत राहा. नख फटीत शिरलं तर थांबा, टॅप उलटा काढा, नट पुन्हा टेकवा.

उघड्यावर टॅप दोन हातांच्या हँडलने फिरवतात, दोन्ही बाजूंचा जोर सारखा असतो. अडचणीत एका बाजूने पाना लागतो आणि प्रत्येक ओढीला टॅप तिकडे झुकू पाहतो. माझं पहिलं काम याच एका कारणाने बिघडलं. म्हणून डाव्या हाताचा अंगठा टॅपच्या मागच्या टोकावर, मधोमध दाबून ठेवा, आणि उजव्या हाताने पाना लहान लहान ओढीने फिरवा.

अर्धी फेरी पुढे, पाव फेरी मागे. मागे घेताना एक बारीक 'कट्' हाताला लागतो, तो कीस तुटल्याचा. तो लागला की पुढे. दोन पूर्ण फेऱ्या झाल्या की टॅप बाहेर काढून पुसायचा. टॅप जड झाला, दांडा स्प्रिंगसारखा वळल्यासारखा वाटला, तर जोर लावू नका, उलटा फिरवा. हाय स्पीड स्टीलचा टॅप आत मोडला तर तो साध्या ड्रिलने निघत नाही आणि चेंबर उतरवावाच लागतो.

चार-पाच फेऱ्यांनंतर नट काढून टाकला तरी चालतो, पडलेले आटेच टॅपला वाट दाखवतात. निमुळता टॅप झाला की दुसरा टॅप बोटांनी लावा. पहिल्या दोन फेऱ्या बोटांनीच गेल्या पाहिजेत. अडला तर तो जुन्या वाटेवर नाही, काढून पुन्हा लावा.

कीस

ग्रीस असूनही थोडा कीस आत जातोच. पंपाच्या तोंडाची जाळी मोठे तुकडे अडवते, बारीक तुकडे ऑईल फिल्टर धरतो, पण थंड इंजिन सुरू करताना ऑईल घट्ट असतं आणि फिल्टरचा बायपास (ऑईल न गाळता पुढे सोडणारी वाट) उघडू शकतो. तेव्हा तोच कीस बेअरिंगांपर्यंत पोहोचतो. अल्युमिनियमला चुंबक ओढत नाही, त्यामुळे चुंबकाची कांडी इथे कामाची नाही.

तारेला सुती कापड घट्ट गुंडाळा, ग्रीस लावा आणि भोकाच्या आतल्या कडेभोवती फिरवून काढा. कापडावर चकचकीत कण दिसेनासे होईपर्यंत नवं कापड घेत राहा. गॅरेजचं 'वेस्ट' (सुती धाग्यांचा गुंता) यासाठी वापरू नका, त्याचे धागे आत राहतात आणि जाळीला गुंडाळतात. मग वरून ऑईल भरायच्या तोंडातून अर्धा लिटर स्वस्त, नवं ऑईल सोडा आणि खाली पांढऱ्या भांड्यात झेला. पुन्हा एकदा. दुसऱ्या वेळचं ऑईल बोटांत चोळून खरखर लागली, तर तिसरा अर्धा लिटर. इथे कंजुषी नको. कॉम्प्रेसरची हवा वरून मारू नका, सील उलटतात आणि कीस आत दूरवर उडतो.

आटे पाडताना कडेला उचललेला धातू बैठकीवर आला असेल तर तो बारीक कानशीने नव्हे, सपाट ऑईल स्टोनने हलका घासून काढा. बैठकीला ओरखडा पडू देऊ नका.

बोल्ट आणि वॉशर

नव्या बोल्टची लांबी जुन्याइतकीच ठेवा. लांब बोल्ट आत बॅफलला टेकतो आणि आपल्याला वाटतं आवळला गेला. वॉशर 16 चा, नवा, तांब्याचा किंवा अल्युमिनियमचा. तो पूर्णपणे बैठकीवर मावतोय का ते आधी ठेवून पाहा, कडेबाहेर लोंबकळता कामा नये.

बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे. डोकं टेकत आलं की वॉशरच्या चारी बाजूंनी उजेड पाहा, फट सगळीकडे सारखी दिसली तर आटे सरळ पडलेत. मग टॉर्क रेंच. बोल्ट जाडा झाला म्हणून ताण वाढवायचा नाही. गाडीच्या पुस्तकात मूळ बोल्टला जो आकडा दिलाय तोच ठेवा. टॉर्क रेंच नसेल तर मागून आणा, या एका कामासाठी तरी.

फिल्टर नवा लावा, ऑईल भरा. इंजिन सुरू करण्याआधी अर्धा तास गाडी तशीच ठेवा, बोल्टखाली कोरा कागद. कागद कोरा राहिला तर बैठक पुसून टाल्कम पावडरचा हलका थर मारा आणि इंजिन दहा मिनिटं चालवा. ऑईलचा दिवा काही सेकंदांत विझायला हवा. पावडरवर ओली रेघ उमटली तर गळती नेमकी कुठून आहे ते कळतं: वॉशरच्या कडेने, की भिंतीतल्या न दिसलेल्या तड्यातून. 50 किलोमीटरनंतर पुन्हा खालून बघा. पुन्हा आवळत बसू नका, फक्त बघा. साधारण 500 किलोमीटरनंतर फिल्टर पुन्हा बदला आणि जुना फिल्टर कापून त्याच्या कागदात कीस आहे का ते पाहा.

काढलेलं ऑईल

वापरलेलं इंजिन ऑईल 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत येतं. ते गटारात सोडलं की नाल्यातून थेट ठाणे खाडीत जातं, आणि त्या खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आहे. झाकणाच्या डब्यात भरा आणि जे गॅरेज आपलं जुनं ऑईल नोंदणीकृत रिसायकलरला देतं तिथे पोहोचवा. कीस धुतलेलं ऑईलही त्याच डब्यात. हात साबणाने धुवा, कापडाने पुसून भागवू नका, वापरलेलं ऑईल कातडीला वाईट असतं.

एक काम लोक हमखास विसरतात. पुढच्या वेळी ऑईल बदलणारा माणूस तुम्ही नसाल. त्याला 14 चा बोल्ट आणि 14 चा वॉशर अपेक्षित असेल. म्हणून बॉनेटच्या आत, पुढच्या पट्टीवर, जिथे उष्णता कमी लागते तिथे एक स्टिकर लावा आणि न पुसणाऱ्या पेनने ठळक लिहा: ड्रेन बोल्ट 16 × 1.5, वॉशर 16, पान्याचं माप, पुस्तकातला टॉर्क, तारीख आणि किलोमीटर. खाली आणखी एक ओळ: एअर गन लावू नये. एक जादा वॉशर प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या पुस्तकाबरोबर डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून द्या.